जुन्या पिकअपच्या पत्र्यावरचे गंजाचे डाग: घरीच काढायचे तर

जुना छोटा हत्ती, पिकअप किंवा ४०७ दारात आली की पहिल्या धुण्यातच दोन-चार ठिकाणी रंग फुगलेला दिसतो. ठिकाणंही बहुतेक ठरलेली: मडगार्डचा आतला काठ, दाराची खालची शिवण, पुढच्या काचेच्या रबराचे खालचे कोपरे, पायदान, फाळक्याच्या बिजागऱ्या आणि हौद्याची दोरीनं घासली जाणारी कड. बरेच नवे मालक रंगाच्या दुकानातून स्प्रेचा डबा आणतात आणि फोडावर फवारून मोकळे होतात. गाडी महिनाभर छान दिसते. पाऊस सुरू झाला की तोच फोड आधीपेक्षा मोठा होऊन वर येतो. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे खाली गंज उरला असेल तर तो वरचा रंग उचलणारच. म्हणून या कामात रंगाला सगळ्यात कमी वेळ द्यायचा आणि घासण्याला सगळ्यात जास्त.

इथं फक्त लहान डागांबद्दल लिहिलं आहे: तळहातापेक्षा मोठे नाहीत, आरपार भोक नाही आणि डाग बाहेरच्या पत्र्यावर आहे. चॅसीस, केबिनचे माउंटिंग, दाराची बिजागरी बसते तो खांब, पाट्यांचे हँगर, सीटबेल्टचे बोल्ट यांपैकी कुठंही गंज असेल तर पॉलिश पेपर खाली ठेवा आणि चांगल्या वेल्डरकडं जा. तिथं प्रश्न दिसण्याचा नसतो, गाडीच्या ताकदीचा असतो.

आधी डाग ओळखा

बोथट दाभण किंवा जुना स्क्रूड्रायव्हर घ्या आणि फुगलेला रंग खरवडून पाहा. तीन प्रकार निघतात. पहिला, वरवरचा तांबूस थर: नखानं नाही, पण पेपरनं दोन मिनिटांत जातो आणि खाली गुळगुळीत पत्रा लागतो. दुसरा, खड्ड्यांचा गंज: पापुद्रे पडतात आणि पत्र्यावर काळे ठिपके उरतात. तिसरा, दाभण थोडं दाबलं की आत जाते. या तिसऱ्याला पत्रा कापून नवा तुकडा जोडण्याशिवाय इलाज नाही. केबिनला साधारण २० ते २२ गेजचा पत्रा लागतो आणि तो सीओटू वेल्डिंगनं जोडून घ्यावा. साध्या आर्कनं एवढा पातळ पत्रा जळून आणखी भोकं पडतात. भोकावर एम-सील किंवा लांबी (खड्डे भरायची पुट्टी) थापली तर बाहेरून सपाट दिसतं, पण मागून पाणी लागतच राहतं आणि एक दिवस तो गोळा गंजाच्या चकतीसकट गळून पडतो.

आधीच्या मालकानं किंवा विकणाऱ्यानं असलीच लांबी थापली आहे का हे चुंबकानं कळतं. त्यासाठी मुद्दाम कमजोर चुंबक घ्या, फ्रिजच्या दारावर चिकटवतात तसलं. जोरदार चुंबक लांबीच्या दोन मिलिमीटर थरावरूनही धरतं आणि फसवतं. कमजोर चुंबक जिथं सुटतं, तिथं खाली भर आहे असं समजा. अजून गाडी घ्यायचीच असेल तर नंबरही पाहा. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर नंबर बदलत नाही, त्यामुळे एमएच ०६, ०७ किंवा ०८, म्हणजे रायगड, सिंधुदुर्ग, रत्नागिरीची पासिंग असलेली गाडी खाऱ्या हवेत राहिली असण्याची शक्यता जास्त. ती नाकारा असं नाही, पण मडगार्डखाली आणि दारांच्या आत बॅटरी मारून नीट बघा.

दाराच्या खालच्या शिवणीबद्दल वेगळं सांगायला हवं. तिथं बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडलेला असतो आणि काचेवरून आत उतरलेलं पाणी त्या घडीत साचतं. बाहेर फोड दिसला म्हणजे गंज आतून बाहेर आलेला आहे. नुसतं बाहेरून कितीही सुबक काम केलं तरी ते फार टिकणार नाही. दाराच्या तळाशी पाणी जायला भोकं असतात, ती धुळीनं आणि मातीनं बुजलेली आढळतात. आधी तारेनं ती मोकळी करा, मग रंगाचं बघा.

मराठवाड्यात गंज कशानं धरतो

हवा कोरडी, समुद्र लांब, तरी गाड्या सडतात. पहिलं कारण काळी माती. ती पाणी धरून ठेवते. शेतातून निघालेल्या गाडीच्या मडगार्डच्या वळणात बसलेला चिखल वरून वाळलेला दिसला तरी पत्र्याला लागलेला थर कित्येक दिवस ओला राहतो. दुसरं कारण खत. पोटॅशमध्ये क्लोराइड असतं, युरिया हवेतली ओल ओढतो. फाटक्या गोणीतून सांडलेले दाणे हौद्याच्या कोपऱ्यात राहिले की तिथला पत्रा वर्षभरात खाल्ला जातो. ऊस आणि प्रेसमड (साखर कारखान्यातला गाळ) वाहणाऱ्या गाड्यांत आंबलेला रस हेच करतो. आणि चौथं, बोअरचं पाणी. धुतल्यावर काचेवर पांढरे डाग उरत असतील तर तेच क्षार पत्र्याच्या सांध्यातही उरतात. गाडी बोअरच्या पाण्यानं धुवायला हरकत नाही, मात्र रंगाआधीचं शेवटचं पुसणं जारच्या पाण्यानं करा.

कामाचे दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सकाळी पत्र्यावर दव असतं, ते डोळ्याला दिसलं नाही तरी असतं, म्हणून दहा-अकराच्या आधी प्रायमर किंवा रंग उघडू नका आणि चारपर्यंत आवरा. एप्रिल-मेमध्ये करायचंच असेल तर शेडमध्ये आणि सकाळी लवकर. उन्हात उभ्या गाडीच्या पत्र्यावर तळहात टेकवत नाही, अशा पत्र्यावर रंग पोचायच्या आधीच वाळतो आणि वाळूसारखा खरखरीत बसतो. जून ते सप्टेंबर हे काम काढूच नका. तोवर डाग वाढू नये म्हणून सुटा गंज खरवडा, कोरडा करा आणि ग्रीसचा पातळ हात फिरवा. काम करताना ते ग्रीस थिनरनं पूर्ण काढावं लागेल, एवढं लक्षात ठेवा.

सामान

पाच-सहा डागांना एवढं पुरतं:

- पॉलिश पेपर: ८०, १८० आणि ३२० नंबरचे चार-चार, ६०० आणि १५०० नंबरचे दोन-दोन
- हातानं चालवायचा तारेचा ब्रश, दाभण, लाकडाचा सपाट ठोकळा
- गंजावरचं कन्व्हर्टर (उरलेला गंज निष्क्रिय करणारं द्रावण), १०० मिली
- दोन भागांचं एपॉक्सी प्रायमर, मिळेल तो सगळ्यात लहान संच
- पॉलिस्टर लांबी अर्धा किलो आणि तिच्यासोबतची हार्डनरची ट्यूब, दोन पात्या
- प्रायमर सर्फेसर (रंगाखालचा, घासून सपाट करायचा थर), जुळवलेला रंग आणि क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर), प्रत्येकी एक स्प्रेचा डबा
- थिनर एक लिटर, मास्किंग टेप, धुतलेली सुती फडकी, रबरी हातमोजे, चष्मा, एन-९५ मास्क

ग्राइंडर असेल तर चांगलंच, पण लहान डागाला तो गरजेचा नाही. वापरलात तर फ्लॅप डिस्क जवळजवळ आडवी धरा आणि एका जागी दोन-तीन सेकंदांहून जास्त टेकवू नका. पत्रा निळसर झाला म्हणजे तापून वाकला, पुढं ती लाट लांबीनंही लपत नाही. ठिणग्या काचेवर उडाल्या तर काचेत रुतून बसतात, म्हणून काचेवर ओली गोणी टाका. सीएनजीच्या गाडीवर किंवा डिझेल टाकीच्या आसपास ग्राइंडर चालवूच नका, तिथं हातानंच घासा.

घासणं

गाडी शाम्पूनं धुवा, मडगार्ड आतूनही. पूर्ण वाळली की डागाभोवतीचा वीतभर भाग थिनर लावलेल्या फडक्यानं पुसा आणि लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्यानं टिपा. पेट्रोल, रॉकेल, डिझेल यांनी पुसू नका. त्यांचा तेलकट अंश मागं राहतो आणि रंग धरत नाही.

याच वेळी जुना रंग कोणता ते तपासून घ्या. कोपऱ्यात थिनरचं फडकं मिनिटभर दाबून धरा. रंग विरघळून फडक्याला भरपूर लागला तर तो एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा आहे. सुरकुतला किंवा चिकट झाला तर साधा एनॅमल. काहीच झालं नाही तर दोन भागांचा पक्का रंग, बहुधा कंपनीचा. हे तपासणं टाळलं की पुढं एनॅमलवर स्प्रेचा रंग बसतो, त्यातलं थिनर खालच्या थराला उचलतं आणि सगळा भाग आंबट दह्यासारखा फाटतो. हौदे बहुतेक वेळा ब्रशनं एनॅमल मारलेले असतात, तिथं धोका जास्त.

आता ८० नंबरचा पेपर. डागाच्या कडेला जिथं रंग घट्ट वाटतो, त्याच्याही पुढं दोन सेंटीमीटर घासत जा. रंगाखाली गंजाची मुळं कोळ्याच्या पायांसारखी पसरलेली असतात, ती संपून चकचकीत पत्रा लागला पाहिजे. नाण्याएवढा फोड उघडल्यावर तळहाताएवढा निघतो, यात काही चुकलेलं नसतं.

खड्ड्यांचा गंज इथं लोकांना फसवतो. तारेचा ब्रश, त्यातही ड्रिलवर चालणारा, गंजाला पॉलिश करतो. पृष्ठभाग चमकायला लागतो, माणूस समाधानी होतो, आणि खड्ड्यात गंज तसाच बसलेला असतो. ब्रश फक्त सुटे पापुद्रे पाडायला वापरा. नंतर दाभणाच्या टोकानं एकेक खड्डा कोरा, पुन्हा ८० नंबर, पुन्हा दाभण. उजेडात तिरकं बघितलं की उरलेले काळे ठिपके दिसतात. एका तळहाताएवढ्या डागाला अर्धा-पाऊण तास लागला तर ते रास्तच.

कन्व्हर्टर येतं ते या उरलेल्या ठिपक्यांसाठी. आधी नाही. जाड पापुद्र्यावर ते ओतलं तर वरचा थर काळा होतो आणि खालचा तसाच राहतो. ब्रशनं फक्त खड्ड्यांवर लावा, डब्यावर लिहिलेला वेळ पाळा. फॉस्फोरिक आम्लाचं असेल तर बहुधा ते वाळू न देता ओल्या फडक्यानं पुसून काढायचं असतं. टॅनिक आम्लाचं असेल तर काळा थर वाळू द्यायचा असतो. दोन्हीतला फरक डब्यावरच कळतो. आम्लाचा अंश राहिला तर वरचं एपॉक्सी नीट कडक होत नाही, म्हणून जारच्या पाण्याचं फडकं दोनदा फिरवा आणि लगेच कोरडं करा.

शेवटी कडा. १८० नंबरनं, मग ३२० नंबरनं रंगाची पायरी घासून उतरती करा. रंग, सर्फेसर, प्रायमर हे सगळे थर एकाभोवती एक कड्यांसारखे दिसले पाहिजेत, प्रत्येक कडं निदान पाच-सहा मिलिमीटर रुंद. डोळे मिटून बोटं फिरवा. बोटाला पायरी लागली तर रंगानंतर ती डोळ्यालाही दिसेल.

प्रायमर त्याच दिवशी

उघडा पत्रा रात्रभर ठेवायचा नाही. हिवाळ्यातल्या एका दवातही त्यावर तांबूस झाक येते आणि घासणं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून सकाळी तेवढेच डाग उघडा जेवढे दुपारपर्यंत प्रायमरखाली जातील. पहिल्यांदा करताना दोन पुरे.

रेड ऑक्साइड स्वस्त आहे आणि गावोगाव मिळतं, हौद्याच्या लाकडी-लोखंडी कामाला चालतंही. पण केबिनच्या पत्र्यावर दोन भागांचं एपॉक्सीच लावा. एका डब्यातलं साधं प्रायमर सच्छिद्र असतं, पाणी त्यातून पत्र्यापर्यंत पोचतं. "प्रायमर मारून ठेवलाय, रंग दिवाळीनंतर" अशा गाड्या प्रायमरखालूनच गंजतात, त्या याचमुळे.

एपॉक्सीचं प्रमाण प्रत्येक कंपनीचं वेगळं, डब्यावरचंच पाळा आणि मापाच्या कपानं मोजा. अंदाजानं ओतलेलं हार्डनर हे चिकट राहिलेल्या प्रायमरचं नेहमीचं कारण. लहान डागाला मऊ ब्रश चालतो. पातळ दोन हात, मधे अर्धा तास. उघड्या पत्र्याच्या पुढं दोन सेंटीमीटर जुन्या रंगावर जाऊ द्या. रात्रभर वाळू द्या. दोन-चार दिवसांचा खंड पडला तर पुढच्या थराआधी ३२० नंबरनं हलकं घासून घ्या, नाहीतर पुढचा थर सोलून निघतो.

लांबी

लांबी एपॉक्सीवर लावा, उघड्या पत्र्यावर नको. लांबी पाणी शोषते, एपॉक्सी खाली असलं तर ते पाणी पत्र्याला लागत नाही.

प्रमाण वजनानं २ टक्के हार्डनर: लहान लिंबाएवढी लांबी म्हणजे सुमारे ५० ग्रॅम, तिला १ ग्रॅम, मोठ्या वाटाण्याएवढा. मे महिन्यात थोडा कमी, डिसेंबरात किंचित जास्त. हार्डनर फार झालं तर पुढं पांढऱ्या रंगातून पिवळट-लालसर डाग वर येतो आणि तो कितीही रंग मारला तरी येत राहतो. कमी पडलं तर लांबी आतून मऊ राहते आणि महिन्याभरात खचते. फरशीच्या तुकड्यावर किंवा काचेवर पातीनं दाबत मिसळा. पुठ्ठ्यावर नको, पुठ्ठा त्यातला राळेचा अंश पितो. फेटू नका, हवा शिरते आणि घासल्यावर टाचणीएवढी भोकं निघतात. रंग सगळीकडं एकसारखा दिसला की लावायला घ्या. तीन ते पाच मिनिटं हातात असतात. गोळा घट्ट व्हायला लागला की टाकून द्या, थिनर घालून वाचवायला जाऊ नका.

दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड भर लागत असेल तर तो लांबीचा डाग नव्हे, पत्रा ठोकून किंवा बदलून घ्यायचा डाग आहे. अर्ध्या तासानं ठोकळ्याला पेपर गुंडाळून ८०, १८०, ३२० असं घासा. कोरडंच. बऱ्याच गॅरेजात लांबी पाणी मारून घासतात, धूळ कमी उडते म्हणून. पण लांबीत शिरलेलं पाणी लवकर निघत नाही आणि वरचा रंग वाळल्यावर ते बारीक फोड होऊन दिसतं. धुळीसाठी मास्क लावा. जुन्या पिवळ्या, नारिंगी, लाल रंगांत शिसं असू शकतं, तेव्हा अंगणात पोरं खेळत असताना हे काम नको.

रंग

लांबीवर सर्फेसरचे दोन पातळ थर, वाळल्यावर ६०० नंबरनं पाणी लावून घासणं. इथं पाणी चालतं, कारण लांबी झाकलेली आहे. मात्र सर्फेसर घासून कुठं लांबी उघडी पडली तर थांबा, वाळू द्या, पुन्हा सर्फेसर मारा.

रंगाचा कोड दाराच्या चौकटीवरच्या किंवा केबिनमधल्या पट्टीवर असतो. दहा वर्षं उन्हात उभ्या गाडीचा रंग मात्र कोडपेक्षा फिकट झालेला असतो. डिझेल टाकीचं झाकण किंवा असाच एखादा सुटा भाग घेऊन दुकानात जा आणि तो बघून रंग जुळवून घ्या. लहान दुरुस्तीला आरटीओचा संबंध नाही, पण रंग आरसीवर नोंदलेला असतो, तेव्हा याच निमित्तानं सगळी केबिन वेगळ्या रंगाची करायचा मोह झाला तर आधी तिथली परवानगी घ्या.

टेप डागाला चिकटून लावू नका. डागापासून सात-आठ सेंटीमीटर दूर लावा, तोही कागदाची कड उलटी दुमडून, म्हणजे रंगाची कड धारदार न होता विरत जाते. डबा दोन मिनिटं हलवा, २० ते २५ सेंटीमीटरवरून, हात सतत फिरता ठेवून, डागाच्या आधी सुरू आणि पुढं जाऊन बंद. पहिल्या थरात खालचं सर्फेसर दिसतंच, दिसू द्या. तीन पातळ थर, मधे दहा मिनिटं. ओघळ येतो तो एकाच थरात सगळं झाकायच्या घाईनं. क्लिअर तसंच दोन थर.

हार्डनर असलेला पीयू (पॉलियुरेथेन) रंग किंवा क्लिअर जास्त टिकतो, हे खरं. पण त्यातलं आयसोसायनेट फुप्फुसाला घातक आहे आणि साधा मास्क त्याला अडवत नाही. तो थर नीट सोय असलेल्या पेंटरकडूनच मारून घ्या. घरच्या स्प्रेचा रंग डिझेलनं मऊ होतो, म्हणून टाकीच्या तोंडाजवळचा डाग पेंटरकडंच द्यावा.

रंगात गोल खळगे पडले तर पत्र्यावर सिलिकॉन आहे. डॅशबोर्ड किंवा टायर चमकवणारा स्प्रे त्याच शेडमध्ये उडवला असला तरी पुरे होतं. वाळू द्या, घासून काढा, पुसून पुन्हा. रंग वाळताना पांढुरका पडला तर हवेत ओल होती, दुसऱ्या दिवशी दुपारी एक पातळ थर मारला की बहुधा जातो.

आठवडाभर गाडी धुवू नका. कड दिसत असेल तर तीन-चार आठवड्यांनी १५०० नंबर पाण्यात भिजवून हलका फिरवा आणि कंपाउंडनं चमक आणा.

मागची बाजू

दाराचं आतलं पॅनेल काढून खालच्या घडीत आणि मडगार्डच्या वळणात पोकळीत मारायचं मेण फवारा, लांब नळी असलेल्या डब्यानं. तळाची भोकं बुजली नाहीत ना ते पाहा. जळालेलं इंजिन ऑइल खालून मारायची पद्धत आपल्याकडं सर्रास आहे. ते रबरी बुश फुगवतं, धूळ धरतं, जमिनीत झिरपतं, आणि पुढं त्या जागी रंग लावायची वेळ आली तर थिनरचे डबे संपतात पण तेल संपत नाही. गंजलेल्या तळावर काळी रबर कोटिंग मारणंही तसंच चुकीचं, कारण ओल तिच्या आत कोंडली जाते.

हौद्यात रबरी मॅट असेल तर खताची खेप झाली की उचला, तळ झाडा, गोड्या पाण्यानं धुवा आणि वाळल्यावरच मॅट टाका. दुरुस्तीत परावर्तक पट्टी निघाली असेल तर त्याच रंगाची नवी पट्टी लावल्याशिवाय गाडी पासिंगला नेऊ नका. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी लागतं, तेव्हा ही सगळी कामं त्या तारखेच्या महिनाभर आधी उरकलेली बरी.